हुसनाने हरळीला तोंड लावलं

घोडे गलबतातून यायचे, त्या काळातली गोष्ट. भीमेकाठच्या एका पागेत सफिया नावाची म्हातारी अरबी घोडी होती. आईचं, आजीचं, पणजीचं नाव तिला तोंडपाठ. त्या रक्ताची आता एकच लेक उरली होती, हुसना.

एक दिवस पागेचे मालक रायाजीराव म्हणाले, "हुसनाला आपल्या देशी घोड्याशी, गजऱ्याशी लावू. शिंगरं उंच होतील, मिरवणुकीत शोभतील."

"ए बुटके," उंचापुरा गजऱ्या हुसनाला म्हणाला, "नशीब काढलंस की!"

सफियाने कान मागे पाडले. एवढ्या आज्यांनी वाळवंटात जपलेलं रक्त इथंच संपणार?

पण घोड्यांची देखभाल करणारे इब्राहिमचाचा म्हणाले, "मालक, आधी दोघांवर स्वार बसवून गडापर्यंत धाडा. सांजेला परत आले की बघू."

सफिया लेकीच्या कानाशी लागली. "बाई, चढावर धावू नकोस. वाटेत पाणी दिसलं की दोन घोट घे."

सांजेला गजऱ्या आधी पोचला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याच्या तोंडाला फेस, पाय लटलट कापतायत, समोरच्या हरळीकडे बघेचना. घटकाभराने हुसना शेपूट उडवत आली आणि तिने सरळ हरळीत तोंड खुपसलं.

"मालक, उद्या पहाटे पुन्हा गडावर जायचंय. कोणावर बसाल?" चाचांनी विचारलं.

मालक खो खो हसले. "हिच्यावर! आणि बंदरावर माणूस धाडा, हिच्याच जातीचा नवरा शोधा."

"बुटके," गजऱ्या धापा टाकत म्हणाला, "थोडी हरळी ठेव गं मला."

"आधी दम खा, दादा!"

पुढच्या साली पागेत शिंगरू आलं. ते धडपडत उभं राहिलं, तोवर सफियाची पणजीपर्यंतची नावं सांगून झाली होती.