पहिल्या नोंदीचा शिक्का

“...तेवढा शिक्का जुळवायचा कसा, हे सांगा अण्णा. बाकी काही नको.”

सिद्रामअण्णा सुपात ज्वारी निवडत बसले होते. त्यांनी एक खडा उचलला आणि अंगणात भिरकावला.

“भाकरी खाल्लीस का?”

“भाकरीचं राहू द्या. आधी कामाचं बोलू.”

“बरं.”

अण्णा दुसरा खडा शोधायला लागले.

वैजनाथ मठाच्या ओट्यावर मांडीत लॅपटॉप घेऊन बसला होता. तीन तास मोटारसायकल हाणत तो या माळावर आला होता. एरवी तो पायऱ्या चढायला लागला की त्याचा आवाज त्याच्या आधी वर पोचायचा. आज मात्र दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, आणि आवाज कुठं तरी वाटेतच राहिलेला.

त्याचा गुरू म्हणजे हा निवृत्त टेलिफोनवाला. चाळीस वर्षं एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या, आणि पेन्शन सुरू झाल्यावर हा गडी मठ झाडायला येऊन राहिला. तारांमधलं आणि संगणकातलं वैजनाथला जे काही येत होतं, त्याची मुळाक्षरं अण्णांकडून गिरवलेली. हे तो भाषणात आवर्जून सांगायचा आणि त्यावरही टाळ्या घ्यायचा. अण्णा म्हणायचे, मी कसला गुरू, मी आपला लाइनमन.

दहा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून बत्तीस गावांमध्ये एक जाळं उभं केलं होतं. गावरान बियाणं कुणी कुणाला दिलं, कुठं पेरलं, कसं आलं, याच्या नोंदींचं; बी देणारा माणूस जे बोलेल तेही त्यात जायचं. प्रत्येक गावच्या वाचनालयात एक संगणक, आणि प्रत्येक संगणकात सगळ्यांच्या सगळ्या नोंदी. यालाच ब्लॉकचेन म्हणतात. एका नोंदीचा शिक्का पुढच्या नोंदीत गुंफलेला असतो. मागचं एक अक्षर हलवलं तरी पुढचे सगळे शिक्के बोंब ठोकतात. त्यामुळं तिथं लिहिलेलं कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

बदलता येत नाही, पण हरवता येतं. ते वैजनाथनं करून दाखवलं होतं.

“पहिल्यापासून सांग,” अण्णा म्हणाले.

“पहिलंच तर गेलं, अण्णा.”

“मग जिथनं ऱ्हायलंय तिथनं सांग.”

वैजनाथनं सांगितलं. जाळ्यात काय चाललंय हे लोकांना मोबाइलवर बघता यावं म्हणून त्यानं एक खुलं सॉफ्टवेअर आणून बसवलं होतं. खुलं म्हणजे कुठल्या तरी देशातल्या चार भल्या माणसांनी लिहून सोडून दिलेलं. ज्याला हवं त्यानं घ्यावं, उघडून बघावं, आपल्या जाळ्याला लावावं. बियाण्याचं नाव टाकलं की त्याचा सगळा प्रवास समोर हजर. काम झकास होतं. फक्त ते लावताना पहिल्या नोंदीपासून एकेक नोंद वाचत पुढं सरकतं, आणि त्याला अकरा दिवस लागणार होते. उद्घाटन तीन दिवसांवर आलं होतं. मांडव ठरला होता, पाहुणे ठरले होते.

“मग?”

“सेटिंगमध्ये एक आकडा द्यायचा असतो. कितव्या नोंदीपासून वाचायचं त्याचा. मी चाळीस हजार दिला.”

“आणि आधीच्या?”

“त्या नंतर निवांत वाचून घेऊ म्हटलं.”

“निवांत...” अण्णा म्हणाले.

त्यांनी सूप थोडं हलवलं.

“त्या व्हत्या कुठं पण?”

“बत्तीस गावांत. म्हणजे, मला तसं वाटलं. डिस्क भरत आल्या होत्या ना, म्हणून वर्षापूर्वी मीच सगळ्यांना कळवलं होतं. जुन्या नोंदी काढून टाका, नुसते शिक्के ठेवा. इतर गावांकडं आहेतच.”

“आणि सगळ्यांनी काढल्या.”

“सगळ्यांनी. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याकडं आहेत.”

“माझ्या पेटीत व्हत्या की.”

“...हो.”

अण्णांची पेटी म्हणजे मठातला जुना संगणक. नवं सॉफ्टवेअर बसवायला एक जादा यंत्र हवं होतं, म्हणून वैजनाथ तो उचलून घेऊन गेला होता आणि पुसून कोरा करून मोकळा झाला होता. नेताना अण्णा एकदाच म्हणाले होते, बघून कर रे बाबा. त्यावर तो हसला होता आणि घाईघाईनं त्यांच्या पाया पडला होता. आता ते हसणं त्याला आठवत होतं आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती.

“चाळीस हजार नोंदी गेल्या,” तो म्हणाला. “बाकीच्यांबद्दल कुणी विचारलं नाही, अण्णा. एकीबद्दल विचारलं.”

उद्घाटन झोकात झालं. हार झाले, नारळ झाले, फोटो झाले. मांडव रिकामा होत असताना एक बाई मोबाइल पुढं धरून त्याच्याकडं आली. पन्नाशीची, पायात धुळीच्या चपला. नाव सगुणाक्का. म्हणाली, माझ्या आईची नोंद दाखवा, पहिलीच हाय म्हणं.

तिची आई म्हणजे इठाआजी. जाळ्यातली पहिली नोंद तिच्या मूठभर बियाण्याची, दगडी नावाच्या गावरान ज्वारीची. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती. मायलेकींचं बोलणं त्याच्याही आधीपासून बंद होतं, आणि लेक पोचली ती तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. जाण्याआधी आजीनं शेजारणीला सांगून ठेवलं होतं : सगुणी आली तर म्हणावं, माझं बोलणं त्या पोराच्या कॉम्प्युटरात हाय. ते पुसत न्हाई.

वैजनाथनं तिच्यासमोर एक हा आकडा टाकला. पडद्यावर आलं, नोंद उपलब्ध नाही.

“मग तू काय सांगितलंस तिला?”

“तांत्रिक अडचण आहे म्हटलं. सोमवारी मठात या, दाखवतो म्हटलं.”

“आज सोमवार.”

“बाराच्या एसटीनं येतेय ती.”

अण्णांनी उन्हाकडं बघितलं. ओट्याची सावली भिंतीला टेकत आली होती.

“आणि शिक्क्याचं काय म्हणत व्हतास?”

वैजनाथ पुढं सरकला. इथं त्याच्या आवाजात जरा जीव आला, कारण हे त्याच्या हातातलं होतं.

“मजकूर गेला, पण पहिल्या नोंदीचा शिक्का सगळीकडं आहे. तेच शब्द, तसेच, काना-मात्रेसकट पुन्हा टाकले तर तोच शिक्का उमटतो. म्हणजे वाक्य सापडलं तर नोंद परत मिळते. आणि ती खरी आहे हे सिद्धही होतं.”

“काय काय टाकून बघितलंस?”

त्यानं लॅपटॉप फिरवला. अण्णांनी चष्मा पुसून लावला आणि वाचायला घेतलं. नऊ दिवसांत वैजनाथनं अकराशे वाक्यं टाकली होती. ही ज्वारी सात पिढ्यांची. काळ्या आईचं देणं काळ्या आईला. माझं बी माझ्या लेकीच्या ओटीत. प्रत्येकाखाली त्याच दोन शब्दांचं उत्तर : जुळत नाही.

“ग्वाड लिहितोस,” अण्णा म्हणाले. “इठाआजी असं बोलायची व्हय?”

“...नाही.”

“तवा टाइप कुणी केलं व्हतं?”

हा प्रश्न येणार हे वैजनाथला पहिल्या पायरीपासून ठाऊक होतं. तो येऊ नये म्हणूनच तो इतकं बोलत होता.

“मी.”

“ती सांगत व्हती आणि तू टाइप करत व्हतास.”

“हो.”

“मग काय म्हणाली?”

...

वाऱ्यानं सुपातला कोंडा थोडा उडाला. अण्णांनी सूप आडोशाला ओढलं.

वैजनाथला पडद्यावरचा हिरवा ठिपका आठवत होता. पहिला शिक्का उमटला तेव्हा आपण मारलेली उडी आठवत होती. बत्तिसाव्या गावातून फोन आला होता, दिसलं दिसलं, तेही आठवत होतं. म्हातारीचं वाक्य आठवत नव्हतं. तिचा शब्दन्‌शब्द त्याच्या दहा बोटांखालून गेला होता, आणि एकही आत उतरला नव्हता. याची त्याला लाज वाटत होती. नोंदी पुसल्याचीही एवढी वाटली नव्हती.

“तुम्ही होतात ना तिथं,” तो म्हणाला. “तुम्हाला आठवत असेल.”

“मी वायर धरून बसलो व्हतो. सारखी निसटायची.” अण्णांनी तळहाताकडं बघितलं. “मलाबी न्हाई आठवत, वैजू. नोंद गेल्याची बातमी मठात तवाच आली व्हती. नऊ दिवस तू एकटाच जागा न्हाईस.”

वैजनाथनं गुरूच्या तोंडून असं काही पहिल्यांदाच ऐकलं. त्याला रडू आलं असतं, पण तेवढ्यात खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

“अण्णा, एक करता येईल.” तो घाईनं बोलायला लागला. “जाळं बत्तीसही गावांत नव्यानं सुरू करायचं. पहिल्या नोंदीत यातलंच एक चांगलं वाक्य घालायचं. शिक्का नवा, पुढचं सगळं नव्यानं गुंफलेलं. कुठंच खोट दिसणार नाही. तिला कळणार नाही. बरं वाटेल हो तिला.”

“घाल.”

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“घाल की,” अण्णा म्हणाले. “कंचं घालतोस?”

वैजनाथनं यादी वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. लेकीच्या ओटीतलं बरं होतं. मग वाटलं सात पिढ्यांचं बरं. प्रत्येक वाक्य मांडवातल्या लाउडस्पीकरवरून ऐकू यायला लागलं, त्याच्याच आवाजात. त्यानं बोटं उचलून मांडीवर ठेवली.

पायऱ्यांवर चपला वाजल्या.

सगुणाक्का वर आली, अण्णांच्या पाया पडली आणि हातातलं फडकं त्यांच्यापुढं ठेवलं. मठात कुणी रिकाम्या हातानं येत नाही. मग ती खांबाशी टेकून बसली आणि लॅपटॉपकडं बघत म्हणाली, “दादा, लागलं का हो?”

...

“अक्का, नोंद गेली,” वैजनाथ म्हणाला. “तांत्रिक अडचण वगैरे काही नव्हती. माझ्या हातून गेली, कायमची. आणि... आजी सांगत होत्या तेव्हा टाइप मीच केलं होतं. पण मी ऐकलं नव्हतं.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिनं ओरडायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या. तिनं नुसतं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

“कायबी न्हाई का?”

“नाही.”

“बसून बोलली का उभ्यानं?”

“...उभ्यानं. मी बसा म्हटलं नाही.”

“हातात काय व्हतं तिच्या?”

“फडकं. ज्वारीचं.” तो थांबला. “लाल काठाचं. गाठ सुटत नव्हती, तर दातानं सोडली.”

“हां,” सगुणाक्का म्हणाली. “दातानंच सोडायची. मग?”

“मग माझ्याकडं बघून...”

“काय?”

“म्हणाल्या, जेवलास का रे बाळा.” वैजनाथचा आवाज फुटला. “मी म्हणालो, ते नको हो आजी. नोंदीत जायचंय तेवढंच बोला.”

सगुणाक्कानं पदर तोंडाला लावला. ती हसतेय असं आधी वाटलं. मग खांदे हलायला लागले.

“मलाबी तेवढंच,” ती पदराआडून म्हणाली. “फोन केला की आधी, सगुणे, जेवलीस का. मी म्हणायची, आई, कामाचं बोल. दर वक्ताला कामाचं बोल... मग तिनं फोन करायचंच सोडलं.”

मठावरचं निशाण फडफडत होतं.

वैजनाथनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग त्याचे हात सवयीनं कीबोर्डवर गेले.

“अण्णा, हे लिहून ठेवतो. हे तरी जायला नको.” त्यानं वर बघितलं. “कुठं घालू? कितव्या नोंदीवर?”

अण्णांनी सूप बाजूला सारलं. सगुणाक्काचं फडकं जवळ ओढलं, गाठ सोडली. आत भाकरी होती, कांदा होता, लाल चटणी होती. त्यांनी वैजनाथच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून भिंतीकडं ठेवला आणि भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

“म्हातारीनं इचारलंय तुला,” ते म्हणाले. “आधी तिला उत्तर दे.”