वायरीचा झोळ

फार जुनी नाही, टॉवर नवे होते तेव्हाची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या टॉवरवर फोनची एक पेटी होती. कारखान्यात धूळ उडवून, पाण्याचे फवारे मारून तिला पास केलं होतं, म्हणून तिचा तोरा भारी.

तिच्या कुशीतल्या भोकातून एक वायर आत शिरे. शिरण्याआधी ती खाली झोळ घेई आणि मग वर वळे.

पेटी म्हणाली, "शी! लोंबतेस काय अशी? जरा ताठ राहा की!"

"अंगावरचं धुक्याचं पाणी झोळाशी गळून पडतं, ताई."

"मला पाण्याची भीती दाखवतेस? परीक्षा दिलीय मी!"

"तेव्हा हे भोक नव्हतं. ते इथं आल्यावर पाडलं."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

वायर चिडली आणि अंग आखडून सरळ झाली. दोन दिवस धुकं उतरलं. पाणी वायरीवरून थेट पेटीच्या पोटात गेलं. खालच्या वाडीतले फोन मुके झाले. नेमकी भागीरथीबाईंची म्हैस विताना अडली होती. डॉक्टरांना आणायला त्यांना तीन कोस पळावं लागलं.

शिवराम मेकॅनिक वर चढला. त्याने पेटी उघडून आतलं पाणी बाहेर ओतलं, आतून पुसली आणि वायरीला पुन्हा झोळ दिला.

पेटी हळूच म्हणाली, "अहो, अजून वीतभर सैल सोडा की."