मेस्त्रीची बैठक

साकवाखाली पाण्यात तो चपटा दगड दिसतो ना, त्यावर पाय देऊ नका. मेस्त्रीची बैठक म्हणतात त्याला. धुण्याला इतका सोयीचा, पण गावची एकही बाई त्यावर कपडा आपटणार नाही.

फार मागे, खोतांच्या अमलात, ह्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, पहिला लाकडी साकव घालायचं ठरलं. काम धाकू मेस्त्रीकडे होतं. हात देवाचा आणि तोंड राक्षसाचं, असा माणूस होता म्हणे. खांबाला भोक पाडायचं आणि तुळईच्या टोकाला त्यात घट्ट बसेल अशी जीभ काढायची. तिला सुतार कुसू म्हणतात. खिळा एक नाही, सगळा भार त्या कुसवांवर. म्हणून धाकू आखणीला बसला की उठायचा नाही. लाकडाची एक बाजू सरळ करून तिच्यावर खूण करायची, काटकोनाचा गुण्या टेकायचा तो त्याच बाजूला, आणि रेघ मारायची पटाशीच्या टोकाने. कापताना रेघ शिल्लक राहिली पाहिजे. रेघ खाल्ली की कुसू सैल झालंच.

दादा खोताला मुलाची वरात साकवावरून न्यायची घाई. "नुसत्या रेघा मारत बसतोस, साकव काय माझ्या नातवाच्या लग्नाला घालणार?" असं म्हणून त्याने काम काढून घेतलं आणि धाकूच्याच पुतण्याला, तातूला दिलं. तातूने आखणी काकाचीच घेतली, पण कुसवं चटाचट आत जावीत म्हणून रेघांच्या आतून कापली. फटी राहिल्या तिथे पाचरी ठोकल्या आणि वरून राळ-मेण चोपडलं.

धाकूने वाकून पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साकव कोसळला तर मरणार गावची माणसं, आणि आखणी त्याची म्हणून नाव जाणार त्याचं! तो घरोघर ओरडत फिरला. "काम गेलं म्हणून जळतोय मेला," असं म्हणत लोकांनी दारं लावून घेतली.

वरात आली तेव्हा धाकू साकवाच्या तोंडाशी आडवा उभा होता.

"खोत, साकव पक्का आहे ना?"

"बाजूला हो!"

"होतो की. तुम्ही फक्त खाली त्या दगडावर जाऊन बसा. वरात वरून जाऊ दे. बसा ना! का, धोतर भिजतं?"

वाजंत्री थांबली. खोत तरातरा पाण्यापर्यंत गेला, असं सांगतात. त्याने वर सांध्यांकडे पाहिलं, मग तातूकडे पाहिलं. तातूने मान खाली घातली. खोत मागे फिरला. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि मुंडावळ्यांसकट पाण्यातून पलीकडे गेला. मागून सगळी वरात गेली.

मग गावानेच तो साकव उखडून काढला. धाकूने नव्या तुळया आखल्या, रेघ राखून कापल्या, मोगरीने ठोकून बसवल्या. तरी पाऊल कोणी टाकेना. खोत म्हणाला, "आता तू बस खाली."

धाकू पेटलाच. "मी? माझ्या कामावर संशय? तोंडात माती पडो तुमच्या!" पण त्याची बायको सगुणा लुगडं खोचून आधीच पाण्यात उतरली होती. दगडावर बसून ती म्हणाली, "खोताला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा, असं नाही चालायचं. या गुमान."

तो आला, बसला आणि डोक्यावरून जाणाऱ्या एकेकाला शिव्यांची लाखोली वाहू लागला. "चल रे टोणग्या! आता कसा ऐटीत चालतोस? त्या दिवशी दार लावलंस ना तोंडावर?" शिव्या खात एकेक जण पलीकडे गेला. दारं त्यांनीच लावली होती.

आजही साकव नव्याने घातला की घालणारा बायकोला घेऊन ह्या दगडावर बसतो आणि गावाला शिव्या घालतो. शिव्या कानावर पडल्याशिवाय पहिलं पाऊल पडत नाही. खालच्या वळणावर काँक्रीटचा पूल झाला तेव्हा आम्ही ठेकेदारालाही रीतसर बोलावलं. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली केली, हसला आणि गेला. तुमची गाडी आली ना, ती त्याच पुलावरून. आमच्यातलं कोणी त्यावरून जात नाही.