मधला पट्टा

एका गावात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली होती. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला कडब्याच्या गंजी, आणि मधे हा रुंद पट्टा. गंजी पेटल्या तर आग घरांपर्यंत पोचू नये, म्हणून जुन्या पंचांनी तो राखला होता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

पुढे भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या आणि घरांना जागा कमी पडू लागली. वरच्या अंगाला माळ पडून होता. तिथे विहीर खणायची, वाट करायची, एवढंच काम. पण पंच म्हातारे झाले होते. वयाबरोबर अक्कल येतेच असं नाही. आळस मात्र न बोलावता येतो.

"माळावर कोण मरायला जातंय?" पाटील म्हणाला. "मधला पट्टा आयता आहे. त्याचेच तुकडे पाडू."

चावडीची एक रीत होती. ठराव मांडला की पाटील विड्यांचं तबक फिरवायचा. विडा घेतला की होकार. पाचही पंचांनी घेतला तरच ठराव पक्का. विडा नाकारणं म्हणजे वडीलधाऱ्यांचा अपमान, म्हणून आजवर कुणी तो नाकारलाच नव्हता.

चौघांनी विडे तोंडात कोंबले. तबक पाचव्या पंचापुढे आलं. ती लोहारीण होती, नवरा गेल्यावर त्याच्या जागी बसलेली.

"आबा, आमची भट्टी गावाबाहेर का घालवलीत?" तिने पाटलाला विचारलं. "ठिणगीला भिऊनच ना? मग पोरंबाळं गंजीला खेटून कशी निजवणार?"

"घ्या! कालची सून आता आपल्याला शिकवणार," एक पंच पिंक टाकत खिदळला. "अगं, आमच्या हयातीत कधी गंज पेटली नाही."

पाटील मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "तुझ्या लेकाचं नवीन लग्न झालंय. एवढ्याशा खोपटात तिघं कशी राहता? त्यालाही कोपऱ्यावरची जागा देऊन टाकू."

लोहारणीने विडा उचलला.

पट्ट्यावर घरं उभी राहिली, कुडाला कूड लावून. मधे माणूस अंग तिरकं करून जाईल इतकीच बोळ. एका चैत्रात भरदुपारी गंजी पेटल्या. वारा गावाकडे होता. पाण्याच्या बैलगाड्या बोळीच्या तोंडाशीच अडकल्या. लोहारणीचा लेक शेतावर होता. सून कोपऱ्यावरच्या घरात होती, पोटुशी. ती बाहेर आलीच नाही.

राख निवाल्यावर पाटील आला. "दैवाची मर्जी, बाई. आगीपुढे कुणाचं चालतं?"

"दैवाला मधे घेऊ नका, आबा," लोहारीण म्हणाली. "जागा तुम्ही वाटलीत. मी घेतली."

लेक तिथेच बसला होता. त्याने विचारलं, "आई, तू नको म्हणाली असतीस तर?"

"तर पट्टा राहिला असता."

त्याने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही.

तात्पर्य, गोड लागणार नाही, तरी ऐका: गावाची जागा राखायला पंच बसवलेले असतात. मोठ्यांच्या भिडेने किंवा आपल्या वाट्याच्या लोभाने जो तिथे मान हलवतो, तो पुढच्या मरणात भागीदार असतो, मग त्याचे केस कितीही पांढरे असोत.