तिवराच्या खुंट्या

एका खाडीच्या मुखाशी, तिवराच्या उंच झाडावर, एक बगळा राहत असे. त्याच्या घरट्यात तीन पिल्ले होती. पाण्यात वाहून आलेल्या एका तुटक्या जाळ्यात पाय अडकून पिल्लांची आई गेली, तेव्हा त्यांना धड पिसेही फुटली नव्हती. खाऊ आणायचा, भरवायचे, घारीवर नजर ठेवायची, सगळे एकट्या बगळ्यावर येऊन पडले. बालमित्रांनो, पुढे त्याने जे केले ते वाईटच होते. पण मला काही त्याचा राग करता येत नाही.

तिवराचे झाड तुम्ही पाहिले आहे का? ते खाऱ्या चिखलात उभे असते आणि त्या चिखलात हवा नसते. म्हणून ते आपल्या मुळांची टोके चिखलातून वर काढते. बोटाएवढ्या, टोकदार, अशा शेकडो खुंट्या झाडाभोवती उभ्या असतात. ओहोटी लागली की झाड त्यांतून श्वास घेते. भरती आली की त्याच खुंट्यांच्या दाटीत मासळीची इवली इवली पिल्ले लपतात, कारण मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही. बगळ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याची चोच माशाऐवजी खुंटीवर आपटे, एवढेच त्याला कळत होते.

एक दिवस तो असाच हात हलवत परत आला. म्हणजे पंख हलवत म्हणा. घरट्यातली तिन्ही तोंडे उघडीच होती आणि त्यांत घालायला त्याच्याकडे काही नव्हते. पिल्लांचे रडणे ऐकवेना, तेव्हा तो खाली उतरला आणि एका खेकड्याच्या बिळापाशी जाऊन उभा राहिला.

"खेकडेबुवा, पळू नका. आज खायला नाही, बोलायला आलोय."

"बोला, पण तिथूनच बोला," खेकडा आतून म्हणाला.

"तुमच्या नांग्या धारदार आहेत. सगळ्यांनी मिळून एवढ्या खुंट्या कापून द्या. मला मासा दिसेल तरी. आजपासून तुमच्या कुळात कोणाला माझी चोच लागणार नाही."

खेकडा थोडा बाहेर आला. त्याचा अर्धा जन्म बगळ्याच्या भीतीत गेला होता. "पण झाडाला काही होणार नाही ना? त्याची गळलेली पानं खाऊनच आम्ही जगतो."

"झाडाला काय होतंय? चांगलं जाडजूड खोड आहे. या खुंट्यांना ना पान, ना फूल. नुसती अडगळ."

खेकड्याला ते पटले, कारण त्याला ते पटवूनच घ्यायचे होते.

ही बातमी एका मासोळीच्या कानावर गेली. तिची पिल्ले त्या खुंट्यांतच वाढत होती. ती जीव मुठीत धरून बगळ्याच्या पायांपर्यंत आली. "भाऊ, हवं तर मला खा. पण खुंट्या राहू द्या. माझी पोरं अजून नखाएवढी आहेत. उघड्या पाण्यात त्यातलं एकही वाचणार नाही."

बगळ्याने तिला खाल्ले नाही. तो म्हणाला, "ताई, तुझी पोरं लहान, तशी माझीही लहानच आहेत. मी कोणाची बघू?"

मासोळी मागे फिरली.

ओहोटी लागली की खेकडे कामाला लागत. कच् कच् असा आवाज खाडीभर येई. बघता बघता झाडाखालचा चिखल हजामत केल्यासारखा साफ झाला. मग काय विचारता! नितळ पाण्यात पिल्लेच पिल्ले, आणि त्यांना लपायला जागा नाही. बगळ्याने चोच बुडवावी आणि भरून काढावी. त्याची पिल्ले पहिल्यांदाच पोटभर जेवली आणि एकमेकांच्या अंगावर माना टाकून झोपली. त्यांच्याकडे बघताना बगळ्याला फार बरे वाटले. कोणत्याही बापाला वाटले असते.

पण मोकळे पाणी सगळ्यांनाच मोकळे असते. जिताड्यासारखे मोठे मासे भरतीबरोबर आत शिरले आणि त्यांनी उरलीसुरली पिल्ले फस्त केली. थोड्याच दिवसांत झाडाखाली शेपटीसुद्धा दिसेना. तिकडे झाडाची पाने पिवळी पडून गळू लागली. खेकडे खूश झाले. "यंदा पानं भरपूर आहेत," असे ते एकमेकांना सांगत. आपण झाडाचे नाक कापले आहे, हे त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

पाने गेली तशी सावलीही गेली. आता बगळा दिवसभर पंख पसरून घरट्यावर उभा राही. सावली द्यावी तर खाऊ आणता येत नाही आणि खाऊ आणायला जावे तर पिल्ले उन्हात भाजतात, अशी त्याची गत झाली.

एके सकाळी खेकडा खालून ओरडला, "बगळेदादा, माझं बीळ ढासळलं! खुंट्या होत्या तोवर चिखल धरून ठेवत होत्या. आता प्रत्येक ओहोटीबरोबर तो वाहून चाललाय. झाड कलायला लागलंय. पिल्लांना घेऊन दुसरीकडे जा."

"कसा जाऊ?" बगळा म्हणाला. "त्यांना अजून उडता येत नाही. पंख भरत आलेत. आणखी थोडे दिवस टिकू दे रे झाड. थोडेच दिवस."

पौर्णिमेचे उधाण भर दुपारी आले. पिल्ले आदल्या दिवसापासून उपाशी होती, म्हणून बगळ्याला जावेच लागले. थोरले पिल्लू घरट्याच्या काठावर उभे राहून पंख फडफडवत होते. त्याला चोचीने आत ढकलत बगळा म्हणाला, "हलू नका. मी आलोच." पार पलीकडच्या काठावर त्याला एक मासा मिळाला. तोवर वारा सुटला होता. तो वाऱ्याशी झुंजत, चोच घट्ट मिटून परत आला.

झाड पाण्यात आडवे पडले होते. मुळे वर आली होती. घरट्याच्या काड्या लाटांवर पांगल्या होत्या.

पिल्लांना हाक मारायला त्याने चोच उघडली. मासा खाली पडला आणि पाण्यात निघून गेला. बगळ्याने तिकडे पाहिलेही नाही. त्याने एकदा हाक मारली, पुन्हा मारली, आवाज बसेपर्यंत मारली.

पाणी ओसरू लागले तेव्हा ती मासोळी त्याच्या पायांजवळून चालली होती. बगळा तसाच उभा होता. ती थांबली.

"तिघंही?" तिने विचारले.

"तिघंही," बगळा म्हणाला. मग त्याने विचारले, "ताई, तुझी किती होती गं?"

"मोजली नव्हती, भाऊ. मोठी झाल्यावर मोजणार होते."

तात्पर्य : दुसऱ्याच्या लेकरांचा आडोसा मोडून आपली लेकरे वाढवता येत नाहीत, आडोसा सगळ्यांचा मिळून एकच असतो.