गप्प मोटरीची कुरकुर

तांबवेवाडीत जालिंदर नावाचा एक मोटर दुरुस्त करणारा राहायचा. विहिरीवरची मोटर नुसती ऐकून तो तिचा दोष सांगायचा. कान तयार, हात तयार, पण अंगठा मेला क्षणभर स्वस्थ बसायचा नाही. तो सारखा मोबाईलवर पोकर खेळायचा.

बायको मंदानं एकच अट घातली होती. खेळात एकदाच दोनशे रुपये टाकायचे. ते संपले की खेळ फोनमधून काढायचा. जालिंदरनं ते दोनशे रुपये आठ महिने पुरवले होते आणि गावभर त्याचीच फुशारकी मारत होता.

खेळ तसा साधा. दोन पानं हातात, पाच पानं सगळ्यांसमोर उघडणार; ज्याची जुळणी भारी, त्याचा डाव. बोली मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही, ठरलेलीच वाढते. मात्र चौथं पान उघडलं की ती दुप्पट होते.

नेहमीचे दोन भिडू असत. 'वाघ्या' दर डावात चौथ्या पानावर बोली वाढवायचा. जालिंदर त्याला पानं दाखवायला लावायचा, तर हातात बहुतेक वेळा भोपळा! दुसरे 'आजोबा५१'. ते मुकाट्यानं बोलीएवढे पैसे भरत, नाहीतर पानं टाकून डाव सोडत. वाढवणं त्यांना माहीतच नव्हतं.

एका दुपारी जालिंदरची पानं रुसली. पैसे उतरत चालले. जेवताना एकदाचा हातात एक्का आला, समोरही एक्का उघडला. चौथं पान आलं सत्ती. जालिंदरनं बोली लावली. वाघ्यानं पानं टाकली. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच आजोबांनी बोली वाढवली.

जालिंदरनं ताट बाजूला सारलं. आता दोनच बोलींपुरते पैसे उरले होते. पानं टाकली तर खेळ वाचत होता. पण वाढवणारे सगळे फुसके, हे वाघ्यानंच त्याला शिकवलं होतं ना!

"अवो, भाकरी गार झाली," मंदा म्हणाली. "एवढं काय झालं?"

"म्हाताऱ्यानं बोली वाढवली. आजवर कदी वाढवली न्हवती."

"मग टाका की पानं!"

"बघू तरी, काय हाय त्याच्याकडं!"

त्यानं अंगठा दाबला. पाचव्या पानावर पुन्हा दाबला. पैसे संपले. आजोबांनी शांतपणे तीन सत्त्या दाखवल्या; एक्क्यांची जोडी हरली.

मंदा काही रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "गिऱ्हाइकाला तुमीच सांगता न्हवं? रोज खडखडती ती मोटर चालू द्या. पर कदी न वाजणारी कुरकुरली, तर आदी बटण बंद करा. मग आपल्या येळंला कान कुटं गेलं हुतं?"

जालिंदरला रडू यायचंच काय ते बाकी होतं. त्यानं खेळ काढून टाकला आणि गार भाकरी खाल्ली. अंगठा मात्र संध्याकाळपर्यंत फोनवरच्या त्या रिकाम्या जागेवर दाबत राहिला.

तात्पर्य: रोज गरजणाऱ्याला भिऊ नये, पण कधी न बोलणारा बोलला, तर त्याची परीक्षा घ्यायला जाऊ नये.