एकोणतीस नावं आणि एक

एका राज्यात केतकावती नावाची राणी होती, आणि विसरण्यात तिचा हात धरणारं त्रिखंडात कोणी नव्हतं. नथ लोणच्याच्या बरणीत ठेवी आणि तीन दिवस सारा महाल धुंडाळी. सुभानजी सरदाराला निंबाजी म्हणे आणि निंबाजीला नुसतं "ते हे". राजा पोट धरून हसे. राजाचा राणीवर भारी जीव, राणीचा राजावर त्याहून भारी.

एके दिवशी राजा एकोणतीस सरदारांसह शिकारीला निघाला. घोडे घोरकेश मांत्रिकाच्या वांग्यांच्या वाफ्यात शिरले आणि वाफ्याचा पार चेंदामेंदा झाला. घोरकेशाने मूठभर माती फुंकली. तीस स्वारांच्या तीस शिळा झाल्या.

बातमी कळताच राणी धावत आली. "काय हवं ते मागा, पण इकडच्या स्वारीला सोडा!"

घोरकेश म्हणाला, "तिसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर येताच तिसांची नावं ओळीने, तोंडपाठ म्हण. एक चुकलं, तर एकतिसावी शिळा तू."

त्याने एकोणतीस नावं एकदाच सांगितली आणि दाढीत हसला. "शेवटची शिळा तुझ्या नवऱ्याची. ते नाव मी काय सांगू?"

कुंपणावर भारद्वाज पक्षी बसला होता. त्याने सारी नावं ऐकली. राणी रडू लागली तसा तो म्हणाला, "रडू नकोस. नावं वाऱ्यावर राहत नाहीत, त्यांना घर दे. तुझा महाल डोळ्यांपुढे आण. दारातून आत चल आणि वाटेत एकेकाला बसव. हसू येईल असा बसव."

राणीने सुभानजीला उंबरठ्यावर आडवा पाडला. ढेरपोट्या हैबतजी रांजणात अडकला. निंबाजी देव्हाऱ्यातला मोदक चोरताना सापडला. संध्याकाळपर्यंत महाल भरला आणि राणी रडायची विसरली.

दुसऱ्या दिवशी भारद्वाज म्हणाला, "आता मोठ्याने म्हण. सुलट म्हण, उलट म्हण, मधूनच म्हण." राणीने घसा बसेपर्यंत म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला पुरण वाटायला बसवलं आणि अचानक विचारलं, "रांजणात कोण?" "हैबतजी!" "जिन्यात कोण?" राणी अडली. भारद्वाजाने नाव सांगितलं, तशी जिन्यातल्या सरदाराच्या डोक्यावर तिने मनातल्या मनात ताकाचा माठ पालथा घातला. मग तो पुन्हा निसटला नाही.

दुपारी ती शिळांसमोर उभी राहिली. सुभानजी म्हणताच पहिली शिळा शिंकली. हैबतजी म्हणताच दुसरी हलली. राणी मनाने महालात फिरत राहिली, एकोणतीस सरदार घोड्यांसह जिवंत झाले. मग ती राजासमोर आली आणि तिची जीभ टाळूला चिकटली.

बारा वर्षं "इकडची स्वारी"! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्या राज्याची रीत. तीन दिवस एकोणतीस नावं घोकली, हे एक भारद्वाजालाही सुचलं नाही. राणीच्या पायांची बोटं दगडाची झाली. घोरकेश टाळ्या पिटू लागला.

सरदार ओरडू पाहत होते, पण मांत्रिकाने त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

राणीने डोळे मिटले. महालात हे नाव नव्हतंच. मग तिने महाल सोडला आणि थेट लग्नमंडपात गेली. हळदीचे हात, डोळ्यांवर मुंडावळ्या, करवल्यांचा गलका, "नाव घे, नाव घे!" गुडघे दगडाचे झाले तेव्हा ती लाजत, पण खणखणीत म्हणाली,

"भरजरी पदरावर राघू-मैना बसले,
इंद्रध्वजांचं नाव घेताना गालात मी हसले!"

शिळा तडकली. राजा घोड्यावरून उतरला. राणीचे पाय पुन्हा मऊ झाले. घोरकेशाची जादू त्या वाफ्याच्या मातीत जिरून गेली, पण वाफा आपल्याच घोड्यांनी तुडवला होता म्हणून राजाने त्याची क्षमा मागितली आणि तीस जणांनी कुदळी घेऊन वाफा नवा करून दिला. सगळे आनंदाने परतले.

वाटेत राजा म्हणाला, "राणी, ते पुन्हा म्हणा."

"उखाणा?"

"नाही. नुसतं नाव."

राणीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एकोणतीस सरदार कान देऊन ऐकत होते.

"इंद्रध्वज," ती म्हणाली, आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.